जांभळीखालचा पाला

लोणावळ्यात आमच्या टेकडीवरचं चर्च दगडी होतं आणि त्याचं घंटाघर त्याच्या वकुबापेक्षा उंच होतं. घाटातली रेल्वे झाली त्या काळातल्या साहेबांनी ते बांधलेलं. आत त्यांच्या नावाच्या पितळी पाट्या होत्या. त्या वाचल्या की वाटायचं, त्या काळी इथे वाईट माणूस मुळी मरतच नसे.

मी टेकडीखाली राहायचो आणि शाळेत मराठी शिकवायचो. ख्रिस्ती नव्हतो; पण एकोणीसशे साठच्या दशकात नगरकडून आलेल्या पाद्रीबाबांना बुद्धिबळाला दुसरं कोणी मिळेना, म्हणून माझं तिथे जाणंयेणं होतं.

चर्चच्या फाटकाशी एक जांभूळ होती. ठाकरवाडीची माणसं जाता-येता तिच्या बुंध्याशी हिरवी डहाळी टाकत. रविवारी आवार स्वच्छ दिसावं म्हणून माळी दर शनिवारी तो ढीग झाडून पेटवून देई. कित्येक वर्षं हे चाललं होतं. माळ्याने त्यांना काही विचारलं नाही, त्यांनी माळ्याला विचारलं नाही.

पाद्रीबाबांनी विचारलं. मोळी घेऊन बाजाराला निघालेली एक म्हातारी ठाकरीण डहाळी टाकत होती.

"मावशी, हा पाला कशाला?"

"माज्या आज्याचा भाऊ हितं मेला. सायबांनी वाडीतनं माणसं धरून आणल्याली, दगड वाहायला न् मडमांच्या डोल्या उचलायला. शेतात नाचणी कुजली, तरी सोडली न्हाईत. खोपटात कोंडायची. एका ऐतवारी ह्यो तापानं फणफणला व्हता, तरी डोली उचलाय लावली. हितं टेकवली न् पडला. आतलं गाणं सरंस्तवर कुणाला हात लावू दिला न्हाई."

"आणि पाला?"

"वाटंत मेल्याला पाला लागतो, बाबा. न्हाई टाकला तर उघडा ऱ्हातो. तुमचा माणूस जाळतो, आमी टाकतो. माज्यामागं कोण टाकंल, ठावं न्हाई. पोरं आता कारखान्याच्या वाटंनं जात्यात."

त्या संध्याकाळी पाद्रीबाबा फार वाईट खेळले. डाव अर्धा टाकून म्हणाले, "आपल्या भिंतीवर त्या वेठीला धरलेल्यांची पाटी हवी."

चर्चच्या मंडळीचे अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले अधिकारी होते. रिकाम्या फलाटावरही ते झेंडी दाखवल्यासारखे उभे राहत. ते म्हणाले, "पाटी लावा, पण 'वेठ' कशाला? 'सेवा' म्हणा. आणि आपण कुठे होतो तेव्हा? ते गोरे."

"घंटा त्यांची घेतली, बाकं त्यांची घेतली," पाद्रीबाबा म्हणाले. "उरलेलं कोण घेणार?"

मजकूर माझ्याकडे आला. 'या मंडळीच्या पहिल्या सभासदांनी ज्यांना धरून आणले, गुलामासारखे राबवले आणि ज्यांची नावेही ठेवली नाहीत, त्यांच्यासाठी.' अध्यक्षांनी त्यात एक स्वल्पविराम घातला, आणि मजकूर आम्ही दोघांनी मिळून लिहिला असं पुढे सगळ्यांना सांगितलं. संगमरवरी पाटी पितळी पाट्यांच्या रांगेत बसवली. पडदा म्हातारीने ओढायचा असं ठरलं.

त्या दिवशी आवार झाडलं गेलं, चुन्याच्या रेघा पडल्या, शाळेचा बँड आला. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांची मोटार अध्यक्षांनी स्वतः हात करून उत्तम सावलीत उभी करवली. उत्तम सावली जांभळीखाली होती.

अध्यक्षांचं भाषण सुरू झालं तरी म्हातारीचा पत्ता नव्हता. मी बाहेर पाहिलं. मोळी खाली टेकवून, हातात डहाळी धरून ती मोटारीशी उभी होती. मी जवळ गेलो.

"मावशी, आत चला. सगळे खोळंबलेत."

"गाडी कवा हालंल, मास्तर?"

"कार्यक्रम झाल्यावर."

"मग हाय मी हितंच."

"अहो, पडदा तुम्हीच ओढायचाय!"

"त्याच्या अंगावर गाडी हाय, न् मी पडदा वडू व्हय?"

मी आत जाऊन पाद्रीबाबांच्या कानात सांगितलं. ते भर भाषणात उठून पाहुण्यांपाशी गेले आणि कुजबुजले. 'मोटार' एवढंच ऐकून पाहुणे घाबरले. उतारावरून गेली की काय, म्हणून धावतच बाहेर आले. ड्रायव्हर चहाला गेला होता. मग पाहुण्यांनी आत हात घालून ब्रेक सोडला आणि पाद्रीबाबांनी व मी मोटार ढकलायला सुरुवात केली. हाही कार्यक्रमाचाच भाग असावा असं समजून बँडची मुलं मदतीला आली, त्यांच्यामागून बरीचशी मंडळीही. आत अध्यक्ष रिकाम्या बाकांना त्यागाचं महत्त्व सांगत राहिले.

जागा मोकळी झाली. म्हातारीने डहाळी ठेवली. पाद्रीबाबांनी वर हात करून जांभळीचीच एक काडी मोडली आणि तिच्या डहाळीशेजारी ठेवली.

"मोळी द्या उचलून," ती म्हणाली. "बाजार मोडंल."

एका बाजूने पाद्रीबाबांनी आणि दुसऱ्या बाजूने पाहुण्यांनी मोळी तिच्या डोक्यावर दिली. ती गेली. पडदा शेवटी अध्यक्षांनी ओढला, दोन्ही हातांनी.

पुढच्या बैठकीत अर्थातच विषय निघाला, की झाडाला पाला वाहणं ही मूर्तिपूजा आहे. पाद्रीबाबा म्हणाले, "तो पाला आहे. जाळायचा नाही, एवढंच ठरवा." काहीच करावं लागणार नव्हतं, म्हणून ठराव एकमताने मंजूर झाला. शनिवारी माळी झाडत झाडत जांभळीपर्यंत आला, थोडा घुटमळला आणि वळसा घालून पुढे गेला.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी फाटकाशी होतो. म्हातारी आली, डहाळी टाकायला वाकली आणि तशीच राहिली.

"काय झालं, मावशी?"

"काय न्हाई. पाला वाळलाय."

"मग?"

"हितं वाळल्याला कवा बघितलाच न्हवता," ती म्हणाली, आणि हिरवी डहाळी तिने त्याच्यावर ठेवली.