रायमुनियाआडचे दोन कान

शेलूबाजारला आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो यांवर घर चालतं, पण सवड मिळाली की मी लांब लेन्स घेऊन रानात जातो. आमच्या वाशिम जिल्ह्यात समुद्र नाही, डोंगरही बेताचेच. तरी माळरान आहे, धरणांवर हिवाळ्यात पाखरं उतरतात आणि कारंजा-कामरगावकडच्या शेतांतून काळविटं फिरतात. माझ्या आवडीला तेवढं पुरतं.

गेली काही वर्षं अब्बा माझ्यासोबत येतात. त्यांनी जन्मभर जीप चालवली. गावोगावच्या सवाऱ्या नेता नेता त्यांची बोली पार वऱ्हाडी झाली आणि कानही गेले. कानाला मशीन आहे, पण रानात वारा लागला की ते शिट्टी मारतं, म्हणून अब्बा ते काढून खिशात ठेवतात. मला तेही बरंच वाटायचं, कारण मशीन असलं की अब्बा बोलत राहतात आणि जनावरं पळतात.

त्या दिवशी आम्ही कामरगावजवळच्या एका शेतात होतो. शेत एका मावशीचं. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच कसत होत्या. त्यांच्या शेततळ्यावर दुपार कलली की काळविटं पाण्याला येतात, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. हरभरा घाट्यांवर आला होता, गहू ओंबीवर होता. मी धुऱ्याच्या बांधाआड पोटावर झोपलो. समोर तळं, तळ्यापलीकडे नाला, आणि नाल्याच्या काठावर रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, दाट झुडपं. उजवीकडे, नाल्याला लागूनच एक फुललेला पळस होता. त्याखाली अब्बांनी चटई टाकली.

काळविटं आली. एक काळाभोर नर आणि मागे माद्या. मी फोटो घेत राहिलो. पाणी पिता पिता नराने मान वर केली आणि तो खिळल्यासारखा उभा राहिला. वाटलं, माझा वास लागला. पण तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याची नजर नाल्याकडे होती.

फोकस बरोबर बसला का ते पाहायला मी स्क्रीनवर फोटो मोठा केला. नराची शिंगं अगदी स्वच्छ आली होती. मागे रायमुनियाची झुडपं धूसर होती आणि त्या धूसरात दोन गोल कान होते.

आधी मी स्वतःला समजावलं की ती वाळकी पानं असतील. पुढचा फोटो पाहिला. कान तिथेच, पण आता खाली एक डोळाही होता आणि ठिपक्यांचं कपाळ. तेंदवा, म्हणजे बिबट्या. पुढच्या फोटोत त्याचं तोंड काळविटांकडे नव्हतं. ते उजवीकडे वळलं होतं, पळसाकडे.

मी लेन्स उचलून त्या जागेवर धरली. झुडूप रिकामं होतं.

पळसाकडे पाहिलं तर अब्बा असरच्या, दुपारनंतरच्या नमाजला उभे राहिलेले. पश्चिमेकडे तोंड, नाला पाठीमागे. मी पाहत असतानाच ते रुकूत वाकले, मग सजद्यात गेले. लहानपणापासून ऐकत आलो होतो की तेंदवा उभ्या माणसाला टाळतो, पण वाकलेल्या, बसलेल्या माणसाला जनावर समजून झेपावतो. निंदणाऱ्या बाया म्हणूनच एकेकट्या बसत नाहीत. आणि माझा म्हातारा बाप कपाळ जमिनीला टेकवून, पाठ नाल्याकडे करून बसला होता. हाक मारावी तर ऐकू जाणार नव्हतं. फोन लावून तो खिशात थरथरवावा तर तो मीच बंद करायला लावलेला.

पळालो तर काय होईल, कळत नव्हतं. पळणं पाहून जनावर बिचकेल की झेपावेल? मी उठलो. काळविटं धूळ उडवत निघून गेली. हात वर करून, जमेल तितका उंच होऊन मी चालू लागलो. तोंडाने काहीतरी बोलत होतो, काय ते आठवत नाही.

गव्हाला पाणी देणाऱ्या मावशींनी मला तसं पाहिलं.

"काय झालं बाप्पा? असा काहून चालून राह्यला तू?"

"मावशी, इकडे या. फावडं घेऊन या. पळू नका."

"साप हाय का?"

"तेंदवा आहे. नाल्यात."

त्यांनी एकदा नाल्याकडे पाहिलं. मग पदर खोचून, फावडं दगडांवर आपटत माझ्या बरोबरीने चालू लागल्या. "कालपासून माहं कुत्रं दिसून नाई राह्यलं," एवढंच म्हणाल्या.

पळसापर्यंतची वाट संपता संपेना. अब्बा पुन्हा सजद्यात गेले. नमाजीच्या पुढून जाऊ नये, हे इतकं अंगात मुरलेलं की त्याही घाईत मी वळसा घालून त्यांच्या मागे गेलो आणि नाल्याकडे तोंड करून उभा राहिलो. मावशी शेजारी. आम्ही मोठमोठ्याने बोलत होतो, हरभऱ्याचं, उन्हाचं, काहीही. झुडपात काही हललं की नाही, अजूनही सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांनी मी त्याला एकदाही पाहिलं नाही.

अब्बांनी सलाम फेरून नमाज संपवली, मागे वळून आम्हाला पाहिलं आणि चिडले.

"तुमी दोघं पाहारा देऊन राह्यले का मले?"

मी त्यांच्या खांद्याला धरून उठवलं. गाडीत बसेपर्यंत काही सांगितलं नाही. मावशींनाही घरापर्यंत सोडलं. उतरताना त्या म्हणाल्या, "फोटो गावात नोको दाखवू. लोकं काठ्या घेऊन येतीन. तो पिसाळला, त माहंच शेत जवळ हाय." मला ते पटलं आणि पटलंही नाही. गावाला न सांगता कुणाला काही झालं तर? शेवटी मी वनरक्षकाला फोन केला.

सकाळी तो आला. ओल्या मातीत ठसे होते. झुडपातून निघून ते पळसाकडे गेले होते आणि जिथून चटईची जागा स्वच्छ दिसते तिथे थबकले होते. तिथून ते नाल्यात परत उतरले होते. वनरक्षक म्हणाला, आजूबाजूच्या शेतवाल्यांना मी सांगतो, एकट्याने येऊ नका, बोलत राहा, वाकून कामं करू नका. मावशींनी त्याला विचारलं, "हरभरा काय उभ्यानं उपटू?"

तो हरभरा निघेपर्यंत माझं कामात लक्ष लागलं नाही. रोज संध्याकाळी मी मावशींना फोन करायचो. उचलायला उशीर झाला की लगेच पुन्हा लावायचो. त्यांनी बहिणीला आणि दोन बायांना सोबत घेतलं आणि धुऱ्यावर मोबाइलची गाणी मोठ्याने लावून हरभरा सोंगला. तेंदवा पुन्हा दिसला नाही. कुत्रंही परतलं नाही.

तो फोटो अब्बांनी स्टुडिओतल्या मोठ्या स्क्रीनवर पाहिला. खुर्ची पुढे ओढून झुडपातल्या कानांवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "त्यानं मले पाह्यलं, अन् मी त्याले नाई." उठता उठता विचारलं, "आता कधी जाचं?"

मी म्हणालो, पाहू. बाहेर पासपोर्ट फोटोला गिऱ्हाईक थांबलं होतं.