मानाचा पासवर्ड

ती घटना आठवली की आजही मला आधी मटणाचा वास येतो, कलमं मागाहून सुचतात. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, चोरीची म्हैस ओळखण्यासाठी तिला कोर्टाच्या आवारात उभं केलेलंही पाहिलं. पण अख्खं लग्न चोरीला गेल्याची तक्रार माझ्यापुढे एकदाच आली.

तेव्हा मी बदलापूरला पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली होती, ठाणे अंमलदाराने डायरी समोर ठेवली होती आणि मी चहाचा पहिला घोट घेतला, तोच बाहेर असा गलका उठला की मला वाटलं मोर्चा आला. खिडकीतून डोकावलो. मोर्चा परवडला असता. ते वऱ्हाड होतं. पुढे जवळच्या गावचे एक आगरी शेतकरी, म्हणजे वधूपिता, आणि त्यांच्यामागे काका, आत्या, जावई अशी सगळी भावकी.

"साहेब, आमचे पोरीचा लगीन चोरला!" वधूपित्याने टेबलावर हात आपटला. माझा चहा बशीत आला.

प्रकार असा होता. अंबरनाथ-बदलापूर रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉलमध्ये त्यांनी मुलीच्या लग्नाची तारीख नक्की केली होती. पत्रिका गावोगाव वाटून झाल्या होत्या. आज मंडपाचं विचारायला गेले, तर हॉलच्या कॉम्प्युटरवर त्या तारखेला भलत्याच पार्टीचं नाव. उल्हासनगर कॅम्प पाचच्या कुणाच्या तरी मुलाची सगाई. मुहूर्त मोठा, आसपासचा एकही हॉल रिकामा नाही.

वऱ्हाडाच्या पाठोपाठ हॉलचे मालक आले. आपण त्यांना शेठ म्हणू. गळ्यात सोन्याची साखळी अशी की ती लॉकअपला लावली असती तर वेगळं कुलूप लागलं नसतं. त्यांनी सोबत बुकिंग सांभाळणाऱ्या ताईंना आणलं होतं. मांजर्लीत राहणाऱ्या, मूळच्या कोकणातल्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या बाई.

"हिनंच तारीख विकली, साहेब," शेठ म्हणाले. "कॉम्प्युटर खोटं बोलत नाय. जुना बुकिंग हिच्याच नावानं पुसलाय."

"मी पुसलं नाही," ताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणलं नाही.

गर्दीत कधी जबाब घेऊ नये, हे मी फौजदार असताना शिकलो. गर्दीत माणूस खरं बोलत नाही, गर्दीला आवडेल ते बोलतो. मी भावकीला झाडाखाली बसवलं, शेठना अंमलदारापुढे बसवलं आणि ताईंना एकटीला विचारलं.

"नोकरीची भीती वाटते?"

"नोकरी दुसरी मिळेल, साहेब. पण तारीख विकणारी बाई असं एकदा नाव झालं, की शहाडपासून वांगणीपर्यंत मला कोण दारात उभं करील? आणि त्या पोरीचं लग्न मोडलं, तर आयुष्यभर ते माझ्या नावावर."

म्हणजे एका बाईचं नाव आणि एका मुलीचं लग्न, दोन्ही टांगणीला. मी तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली. सायबर शाखेला पत्र लिहायला सांगितलं, पण त्यांचं उत्तर येईपर्यंत नवरी दोन मुलांची आई झाली असती. काम आपल्यालाच करायचं होतं.

खबर त्याच दुपारी आली आणि ती खबऱ्याने आणली नाही. हॉलचा आचारी स्वतःच आला. इकडेतिकडे बघत, खुर्चीच्या कडेवर बसत.

"साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. पण काल माझ्या मोबाइलवर दोन मेसेज आले. हॉलचा कॉम्प्युटरच पाठवतो ते. मेनूत काही बदललं की मला कळतं."

"मग?"

"त्या लग्नाच्या मेनूत आधी मटण आलं. आणि मागोमाग लग्नच गेलं!"

मी सरसावून बसलो. नोकरीत मला पुष्कळ खबरी मिळाल्या, पण इतकी चविष्ट एकही नव्हती. मुलाकडचे लोक माळकरी असल्याने लग्नाचं जेवण शाकाहारी ठरलं होतं. मटणाची मजा आदल्या दिवशी हळदीला, ती नवरीच्या घरी. मग लग्नाच्या दिवशी मटण घुसवावंसं कुणाला वाटेल? तारीख विकणाऱ्या बाईला नाही. माळकऱ्यांना तर नाहीच. हा हात नवरीकडचा होता.

मी हॉलच्या ऑफिसात गेलो. शेठनी खुर्ची पुसून दिली.

"हा कॉम्प्युटर कोण कोण वापरतं?"

"ताई वापरते. आणि मोबाइलवरून आमची थोडी मानसं."

"थोडी म्हणजे?"

शेठ बोटांवर मोजू लागले. एक हात संपला, दुसरा संपला, मग त्यांनी ताईंच्या हाताकडे पाहिलं.

"शेठ, हे काय आहे?"

तेव्हा ताईंनी सगळं उलगडून सांगितलं. ही व्यवस्था बसवणाऱ्याने सगळं नीट लावून दिलं होतं. प्रत्येकाचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. आचाऱ्याने मेनू बघायचा. लग्नघरच्यांनी आपलं बुकिंग बघायचं, हात लावायचा नाही. बदल करायचा तो ताईंनी, आणि ताईंच्या वर शेठनी. पण पहिल्याच लग्नात एका व्याह्यांनी विचारलं, "आम्ही नुसतं बघायचं? आम्ही काय भिकारी आहोत?" शेठना ते जिव्हारी लागलं. त्यांच्या हॉलमध्ये पाहुण्याचा मान राहिला नाही, असं कुणी म्हणता कामा नये.

"मग मी काय केलं, साहेब," शेठ अभिमानाने म्हणाले, "टॉवेल, टोपी, नारळ, आणि सोबत पासवर्ड! मानाच्या मानसाला सगळे अधिकार. काय पाहिजे ते बघा, काय पाहिजे ते बदला. आख्ख्या तालुक्यात असा मान कुनी देत नाय."

"आणि प्रत्येकाला वेगळं नाव?"

"त्याची कटकट कशाला? ताईचंच नाव दिला. सगल्यांना तोच पासवर्ड."

"मी नको म्हणाले होते," ताई म्हणाल्या. "शेठ म्हणाले, घरच्या माणसांना कुलूप कशाला."

मी कपाळावर हात मारला. ज्या घराची किल्ली नारळासोबत गावभर वाटली, त्या घरात चोरी झाल्यावर शेठ मोलकरणीला धरून आणत होते.

पण आता प्रश्न होता मानकऱ्यांमधून एक शोधायचा कसा. नवरीकडच्या प्रत्येकाला बोलावून दरडावलं असतं, तर प्रत्येकाने पोरीची शपथ घेतली असती आणि माझ्या ठाण्यात दुसरं वऱ्हाड जमलं असतं. मग मला एक खोडसाळ युक्ती सुचली.

"ताई, आता या सगळ्यांचे अधिकार काढून घेता येतील?"

"येतील. माझा पासवर्ड बदलते, प्रत्येकाला स्वतंत्र नाव देते, आणि फक्त बघायची मुभा ठेवते. तसा मेसेज प्रत्येकाच्या मोबाइलवर आपोआप जाईल."

शेठ उभेच राहिले. "साहेब, लोक माजा हॉल जालतील!"

"बंदोबस्त मी देतो. बदला हो ताई."

ताईंनी काम सुरू केलं. नाव, अधिकार, नाव, अधिकार. प्रत्येक नव्या नावापुढे 'फक्त बघणे' उमटताना शेठ असे कण्हत होते, जणू त्यांचा एकेक दात काढला जातोय. मग आम्ही शेठचा फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मध्यभागी ठेवला, चहा मागवला आणि वाट पाहत बसलो.

पहिला फोन नवरीच्या मोठ्या काकांचा. "काय रं शेठ? तारीख गेली ती गेली, मान पन काढलास?"

दुसरे थोरले जावई. "मला फक्त बघायचं? मी काय सिनेमाला आलोय?"

मग आत्याचे यजमान. ते फक्त म्हणाले, "लक्षात ठेवीन," आणि फोन ठेवला. आगरी घरात ही सगळ्यात मोठी धमकी. मग धाकटे काका, मग आत्येभाऊ. शेठ रुमालाने मान पुसत प्रत्येकाची माफी मागत होते आणि मी प्रत्येक फोनबरोबर एकेक नाव मनातून खोडत होतो. कारण साधं होतं. ज्याने काही केलं नव्हतं, त्याला फक्त मान गेल्याचं दुःख होतं, आणि ते ओरडून सांगायला त्याला कसलीच भीती नव्हती.

चहा दुसऱ्यांदा आला. फोन थांबले.

"नवरीकडचं कोण राहिलं?" मी विचारलं.

ताई आणि शेठ दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मामा," ताई म्हणाल्या.

"नवरीचा सख्खा मामा?"

"हो साहेब. साखरपुड्यात वाढप्याने जिलेबी दुसऱ्यांदा विचारली नाही, म्हणून पान सोडून उठलेले. त्यांना समजवायला सगळं घर पार्किंगपर्यंत धावलं होतं."

असा मामा, लग्नाच्या तोंडावर मान काढून घेतला, आणि गप्प? वाचकहो, वीस आरोपींच्या ओरड्यापेक्षा एका रुसक्या मामाची शांतता पोलिसाला जास्त सांगून जाते.

दुसऱ्या दिवशी मी मामांना 'जरा चहाला या' म्हणून बोलावलं. भारदस्त मिशा, पांढरा सदरा. मी काही विचारलं नाही. शिपायाला सांगून जवळच्या खानावळीतून तांदळाच्या भाकऱ्या आणि वाफाळतं आगरी मटण मागवून ठेवलं होतं. ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"घ्या मामा. लग्नात मिळणार नव्हतं ना?"

माझ्या हातात काठी नव्हती, आवाजात जरब नव्हती. पण मामांनी त्या रश्श्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या मिशा थरथरू लागल्या.

"साहेब, मना वाटला, मामाचे मानाला एक पातेला तरी पाहिजे. मागच्या बाजूला, आपले आपले चार मानसांना. मेनूत टाकला. मंग घाबरलो. माळकरी बघतील, पोरीला सासरी टोमने बसतील. काढाला गेलो, तर निघता निघंना. मंग बोल्लो, सगलाच पुसून टाकू, पहिल्यापासून परत भरू."

"आणि?"

"पुसला. आनी परत भराला गेलो, तर तारखेवर दुसऱ्याचा नाव!" मामा लहान मुलासारखे रडू लागले. "भाचीला मंडपात आनायचा मी, आनी मंडपच मी मोडला."

तारीख मोकळी दिसताच शेठसाठी बुकिंग आणणाऱ्या कॅम्प पाचमधल्या एजंटाने त्याच पासवर्डने ती तिथल्या तिथे दुसऱ्या पार्टीला दिली होती. मधे गेला असेल एक चहाचा वेळ.

गुन्ह्याला हेतू लागतो. इथे हेतू फक्त मटणाचा होता. मी सगळ्यांना बोलावलं. मामा कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, सगल्यांसमोर नको."

"मामा, ताईंना चोर सगळ्यांसमोर म्हटलं गेलंय."

मामा उठले. भरल्या ठाण्यात, भावकीसमोर, ताईंपुढे हात जोडून उभे राहिले. "बाय, चूक माजी. तुजा काय दोष नाय." वधूपिता त्यांच्यावर धावून जाणार होते, पण ताईच मधे पडल्या. "भांडण मग करा. आधी हॉलचं बघा."

मी कॅम्प पाचच्या सिंधी गृहस्थांना आधीच बोलावून घेतलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं, पोट धरून हसले, आणि म्हणाले, "अरे साईं, हमारी सगाई तो रात की है. आप दोपहर में बच्ची के फेरे करवा लो. मंडप एकच ठेवू, फुलं मी पाठवतो. बस, मामाजी को रात के खाने पे भी रोक लेना. हमारे यहाँ मटन है!"

ठाण्यात एवढा हशा त्याआधी कधी झाला नव्हता. शेठ सगळ्यात मोठ्याने हसले आणि लगेच ताईंपुढे येऊन म्हणाले, "ताई, राग सोडा. आजपासून तुम्हाला माझ्याएवढे अधिकार."

"मला नकोत," ताई म्हणाल्या. "माझ्या कामापुरते पुरेत. फक्त माझं नाव मला एकटीला असू द्या."

लग्नाला मीही गेलो. दारात मामा पुन्हा थोडे खट्टू दिसले. मोबाइल काढून ताईंना म्हणत होते, "आता मना फक्त बघताच येतं?"

"मामा, मंगलाष्टकं तुम्ही म्हणता का?"

"नाय. ती भटजींची."

"नवऱ्याचा कान तुम्ही पिळता?"

"तो नवरीचे भावाचा मान."

"आणि नवरीला मंडपात कोण आणतं?"

मामांनी छाती पुढे काढली. "मी!"

"मग जा की. मुहूर्त टळतोय."

मामा जवळजवळ धावत गेले.

जेवण झाल्यावर मी ऑफिसात ताई आणि शेठजवळ टेकलो. माझ्या पुतण्याच्या लग्नाचं घाटत होतं. सहज म्हणालो, "ताई, पुढच्या महिन्यातल्या तारखा कुणाकुणाच्या नावावर आहेत, जरा उघडून दाखवा बरं." आणि वर्दीची सवय म्हणून खुर्ची स्क्रीनकडे ओढलीसुद्धा.

"कुठली तारीख मोकळी आहे ते सांगते, साहेब," ताईंनी स्क्रीन हळूच आपल्याकडे वळवली. "नावं बघायचा अधिकार तुम्हाला नाही."

शेठचा चेहरा पांढराफटक पडला. मी उठलो, टोपी नीट केली आणि कडक सॅल्यूट ठोकला.

नोकरीभर माझी समजूत होती की विश्वास म्हणजे सगळी दारं उघडी ठेवणं. त्या दुपारी एका हॉलच्या ऑफिसात कळलं, की ज्याच्यावर विश्वास टाकायचा, त्याच्या दाराला आधी त्याचं स्वतःचं कुलूप द्यावं लागतं. मग ते कुणासमोर उघडायचं नाही, ते त्याला बरोबर कळतं. समोर पोलीस निरीक्षक बसला असला तरीही.