खुडूक न बसणारी जात

आमच्या शेजारच्या गृहस्थांना सगळे मुकादम म्हणत. ते पोल्ट्रीत अंड्यांच्या शेडवर मुकादम होते, आणि मी त्याच पोल्ट्रीच्या कार्यालयात हिशेब पाहतो. ते निवृत्त झाले, पण नाव चिकटले ते चिकटलेच.

त्यांची एकुलती एक मुलगी दिवस भरत आले म्हणून आईकडे आली होती. मूल पोटातच गेले. त्यानंतर तिने मागची खोली धरली. नवरा न्यायला आला आणि एकटाच परत गेला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. ताट आत जाई आणि बहुतेक तसेच बाहेर येई. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. वेळ देऊन झाला, तरी ती उठेना.

मग मुकादमांनी ठरवले की तिच्या खिडकीसमोर परसात कोंबड्या पाळायच्या. लहानपणी ती शेडवर त्यांच्या मागे मागे हिंडायची. कोंबड्या दिसल्या तर उठेल, दाराबाहेर येईल, एवढीच आशा होती. मूठभर कोंबड्यांचा प्रश्न, पण जात ठरवताना त्यांनी जेवढा विचार केला तेवढा जावई ठरवताना केला नव्हता, असे त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणत.

"गावठी घ्या," मी कुंपणावरून सांगितले. "चिवट असतात. स्वतःचं स्वतः उकरून खातात."

"गावठी नको. अंडी साठली की ती उबवायला खुडूक बसते. मग तिच्यामागून पिल्लांची रांग. पोरीनं खिडकीतून ते बघायचं?"

"मग पांढऱ्या लेगहॉर्न?"

"त्या बसत नाहीत, पण भेदरट. माणूस दिसला की उडून छपरावर. मला हाताशी येणारी हवी."

शेवटी त्यांनी तांबड्या घ्यायचे ठरवले. पोल्ट्रीवाल्यांनी संकर करून काढलेली ही कोंबडी शांत, अंड्याला भरवशाची, आणि अंड्यांवर बसायची ओढ तिच्यातून पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढून टाकलेली. कोंबडा घ्यायचाच नाही, हेही ठरले. "तुमची झोप शाबूत," ते मला म्हणाले, "आणि पिल्लांचा प्रश्नच मिटला."

विक्रेत्याकडे वहिनी सोबत गेल्या होत्या, तिथे त्या अडून बसल्या. "सगळ्या एकसारख्या, गणवेश घातल्यासारख्या! ती काळी घ्या ना. पिसं बघा कशी हिरवी चमकतात."

मुकादमांनी काळी उलटसुलट करून पाहिली. "घे. या जातीची एकही खुडूक बसलेली मी बघितली नाही."

हे खरे होते. पण त्यांनी काळ्या पाहिल्या त्या पिंजऱ्यात. पिंजऱ्यात अंडे घातले की ते उतारावरून घरंगळत बाहेर जाते. कोंबडीच्या पोटाखाली बसण्यासारखे काही उरतच नाही. जन्मभर ज्यांनी ते पिंजरे सांभाळले, त्यांच्या हे ध्यानात आले नाही.

कोंबड्या आल्या. मुलगी खिडकीतून बघे, पण बाहेर येत नसे. पावसाळा संपता संपता काळी कोपऱ्यातल्या खोक्यात अंड्यांवर जाऊन बसली ती उठेना. हात नेला की पिसे फुलवून टोची. आणि एका सकाळी मुलगी दार उघडून परसात आली. बादली पालथी घालून खोक्याशेजारी बसली. दुसऱ्या दिवशीही आली. मग रोजच. ताट तिथेच मागून घेऊ लागली.

"रिकामं ताट आलं हो," वहिनी माझ्या बायकोला सांगत होत्या. "घासावं की तसंच ठेवून बघत बसावं, कळेना."

मुकादमांचा चेहरा मात्र उतरत चालला. संध्याकाळी ते पायरीवर येऊन बसले. "पोरगी पिल्लांची वाट बघतेय. कोंबडा नाही, काय निघणार त्यातून? अंडी सडतील."

"मग पिल्लं निघतील अशी हॅचरीतली अंडी आणून ठेवा की खाली," वहिनी आतून म्हणाल्या.

"आणि पिल्लं आतच मेली तर? कवच फोडता फोडता मेलेली पिल्लं मी टोपल्या भरभरून फेकलीत. तेही तिला दाखवू?"

"तिला विचारा तरी एकदा."

"आजारी माणसाला काय विचारायचं? आपण उरकून टाकायचं."

पहाटे मुलगी उठायच्या आत त्यांनी अंडी काढून पुरून टाकली. काळीला तारेच्या तळाच्या पिंजऱ्यात घालून तो पेरूच्या फांदीला टांगला. उमेदवारीच्या काळात गावठी कोंबड्यांवर शिकलेला हा उपाय. खालून पोटाला वारा लागतो, ऊब निघून जाते, आणि चार-पाच दिवसांत कोंबडी अंडी विसरते.

मुलगी बाहेर आली. रिकामे खोके पाहिले, वर पिंजरा पाहिला. कुंपणापलीकडे मी झाडांना पाणी घालत होतो. तिचा आवाज मी कितीतरी महिन्यांनी ऐकला.

"का काढलीत?"

"पोरी, त्यातून काही निघणार नव्हतं."

"ते मला कळत नाही? मुकादमाची मुलगी आहे मी."

"मग कशाला बसत होतीस तिथे?"

"तिला बसू द्यायचं होतं. उठायचं तेव्हा तिची ती उठली असती. माझंही असंच उरकलंत. मी शुद्धीवर यायच्या आत पुरून आलात. मुलगा होता की मुलगी, ते नर्सनं सांगितलं मला. तोंड बघू दिलं नाहीत."

"तुला सोसलं नसतं," मुकादम म्हणाले.

"हे सोसतंय का?"

ती आत गेली आणि कडी लावली.

पिंजरा खाली काढायचे धाडस मुकादमांना काही दिवस झाले नाही. मग एका दुपारी ते हॅचरीत गेले, पुढ्यात टोपली धरून रिक्षातून आले. अंडी खोक्यात मांडली आणि काळीला पिंजऱ्यातून काढून त्यांच्यावर ठेवले. ती उठली, अंग झटकले, आणि तांबड्यांमध्ये जाऊन माती उकरू लागली. त्यांनी पुन्हा आणून बसवली. ती पुन्हा उठली. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी दाबून धरून ते कितीतरी वेळ मातीत बसून राहिले. उपाय लागू पडला होता.

संध्याकाळी खोलीची कडी निघाली. मुलीने खोक्यात हात घालून एक अंडे उचलले, तळहातावर धरले आणि परत ठेवले.

"गार आहेत," ती म्हणाली. वडील समोर उभे होते, पण तिने त्यांच्याकडे पाहिले नाही. दार लागले. वहिनींनी ताट वाढून उंबऱ्याशी ठेवले.