दीड मुठीवरची देवयानी

भिकाजी शिवलकर, म्हणजे मांडवीचे आप्पा, तीस वर्षं मालवाहू जहाजांवर सुकाणी होते. नोकरी संपवून ते घरी आले तेव्हा त्यांच्या बायकोला, यमुनाबाईंना, वाटलं की आता हा माणूस निदान बाजारहाट तरी करील. कसलं काय! हॅलेचा धूमकेतू आला, माणसं समुद्रावर जमून मान मोडेस्तोवर वर बघू लागली आणि आप्पांना गिऱ्हाईक मिळालं. धूमकेतू गेला, माणसं मात्र टिकली. अमावास्येजवळच्या शनिवारी, दिवेलागण झाली की मांडवीच्या वाळूत आप्पांचा दरबार भरायचा.

"आप्पा, दीर्घिका म्हणजे काय ओ?"

"ताऱ्यांचं गाव. आपला सूर्य आकाशगंगा नावाच्या गावात राहतो. देवयानी हे शेजारचं मोठं गाव."

"शेजारचं म्हणजे किती लांब?"

"उजेडाला तिथून यायला वीस-पंचवीस लाख वर्षं लागतात."

"आणि ह्याला तुम्ही शेजार म्हणताव?"

ही राही. दिवसभर कारखान्यात काजू सोलायची आणि संध्याकाळी आप्पांची उत्तरं.

"आणखी जवळचं नाय काय?"

"आहेत की, दोन लहान. दक्षिणेच्या समुद्रात जहाजावरून मी पाहिलीत, ढगाच्या तुकड्यांसारखी. इथून ती क्षितिजाला इतकी टेकलेली असतात की दिसत नाहीत. तिकीट काढ नि ऑस्ट्रेलियाला जा."

मग आप्पा उठत. शर्मिष्ठा नावाच्या तारकासमूहाच्या टोकापासून हात लांब करून माथ्यावरच्या आभाळाच्या दिशेने दीड मूठ मोजत आणि बोट रोखत. "ती बघा देवयानी!" निम्म्यांना दिसायची. बाकीचे शेजारचा हो म्हणाला म्हणून हो म्हणायचे. राही तेवढी फटकन सांगायची, "मला नाय दिसली."

खरं सांगायचं तर ती आप्पांनाही दिसत नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. शर्मिष्ठेचे ठळक तारे कसेबसे दिसत, पुढचं सगळं मुठीच्या भरवशावर. हे यमुनाबाईंखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आप्पांना ऑपरेशनची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती निराळी होती. न दिसणाऱ्या माणसाला आभाळाचे प्रश्न विचारणार कोण? आणि प्रश्नच थांबले तर घरात बसून करायचं काय?

दिवाळीआधीच्या शनिवारी आप्पा भलतेच रंगात होते. मूठ मोजली, बोट रोखलं. "बघा, दह्याचा पुसट डाग पडल्यागत! आज काय स्वच्छ आहे!"

राही म्हणाली, "आप्पा, तिथं ढग हाय. चांगला मोठा."

थाप मारून वेळ निभावता आली असती. पण आप्पांना एकदम त्या लपवाछपवीचा वीट आला.

"मला दिसत नाही गो," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली."

"मग दोन वर्षं आम्हाला काय दाखवलंत?" बँकेतला शिपाई काशीराम म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, पण आप्पांना ते लागायचं तसं लागलं. दरबार संपला, असं त्यांनी मनाशी धरलं. हात खाली घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.

तेवढ्यात ढग सरकला. राही आप्पांच्या मागे जाऊन त्यांच्या बोटाच्या रोखाने बघत राहिली आणि किंचाळलीच.

"दिसली! आप्पा, अगदी बोटावर हाय!"

"कशी दिसते?" आप्पांनी विचारलं. इतक्या शनिवारांत त्यांनी प्रश्न विचारण्याची ही पहिलीच वेळ.

राही गोंधळली. "कसं सांगू... सरळ बघलं की जाते. जरा बाजूला बघलं की हळूच येते."

लोक हसले. त्यांना वाटलं, पोरगी बनवतेय. आप्पांचे मात्र डोळे भरून आले.

"तीच गो, तीच! पुसट उजेड डोळ्याच्या कडेनेच दिसतो. हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं, तुझं तुला कळलं!"

आप्पा हात खाली घेऊन वाळूत बसले. आता एकेक जण चपला शोधून उठणार, म्हणून त्यांनी कान दिला. काशीराम उठला खरा, पण पुढे सरकून आप्पांच्या गुडघ्याशी येऊन बसला.

"आप्पा," तो म्हणाला, "पण कडेनेच का दिसते ओ?"