किती वर्षं वापरणार?

आमच्या निर्मळ गावात दिवाकरभाऊंना न विचारता गाडी घेणारा माणूस आमच्या आळीत तरी नव्हता. वाडीच्या तोंडाशी पत्र्याची शेड, मागे केळी, पुढे स्कूटर, असं त्यांचं गॅरेज. सल्ला मागायला आलेल्याला ते आधी विचारायचे, "किती वर्षं वापरणार?" लवकर विकायची असेल तर एक गाडी, पोरांपर्यंत न्यायची असेल तर दुसरी. स्वतःचा जीव मात्र जुन्या टू-स्ट्रोकवर. धूर ओकणाऱ्या त्या डबड्यांचं कौतुक ऐकून मला शेजारणीला वैताग यायचा. फोर-स्ट्रोक आल्या, भाऊंचा धंदा बसला, तरी गिऱ्हाइकाला त्यांनी कधी खोटं सांगितलं नाही.

ती शेड त्यांनी मुलासाठी राखली होती. केयूर कॅनडाला शिकायला गेला तेव्हा म्हणाला होता, "दोन वर्षं, पपा. मग आलोच." शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न करून तो रिद्धीलाही घेऊन गेला, आणि येण्याचं दर वेळी 'पुढच्या वर्षी'वर गेलं. चंदनसारचा एकजण शेड भाड्याने मागायचा. भाऊ त्याला दारातूनच वाटेला लावायचे. आमच्याकडे घरटी एक पोर परदेशात आहे, परत कोण येतं? हे मी एकदा तोंडावर सांगितलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

यंदा थंडीत केयूरचा फोन आला. त्याला स्नोमोबिल घ्यायची होती. म्हणजे बर्फावरची स्कूटर, पुढे दोन पाट्या, मागे चाकाऐवजी पट्टा. टर्बोवाली टू-स्ट्रोक घेऊ की फोर-स्ट्रोक, असं त्याने बापाला विचारलं.

भाऊंना काय झालं म्हणून सांगू! ज्याने जन्मात बर्फ पाहिला तो फक्त मासळीबाजारात, तो माणूस दिवसभर मोबाइलवर बर्फातल्या गाड्या बघत बसला. येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगायचे, "टू-स्ट्रोक वजनाला हलकी, भुसभुशीत बर्फात रुतत नाही. आणि टर्बो असला की डोंगरावर विरळ हवेतसुद्धा दम टाकत नाही." टू-स्ट्रोक अजून जिवंत आहे, याचाच त्यांना केवढा आनंद! मालनवहिनी हसायच्या. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रविवारी केयूरने उत्तरासाठी फोन केला. वहिनी आणि मी पडवीत मोगरा निवडत होतो. भाऊंनी फोनचा आवाज मोठा केला, खाकरले, आणि सवयीने विचारलं, "आधी सांग, किती वर्षं वापरणार?"

"आता कायमचीच की, पपा. आम्ही इथे घर घेतोय. विकायची वेळच येणार नाही."

मला वाटलं, आता टू-स्ट्रोकच घे म्हणतील. म्हणायला हवं होतं! लवकर खराब झाली असती, पोराचा जीव त्या बर्फाला विटला असता. पण या माणसाला स्वतःच्या पोटच्या पोरालाही खोटा सल्ला देता येईना.

"मग फोर-स्ट्रोक घे," ते म्हणाले. "जड आहे, पण आवाज कमी, पेट्रोल कमी खाते. तेल वेळेवर बदल, म्हणजे वीस वर्षं बघायला नको."

"थँक्यू, पपा! म्हणून तर तुम्हाला विचारतो."

मला केयूरचा असा संताप आला! बापाला विचारलं काय, तर गाडी. घर घेताना विचारलंस का रे? पण फोन माझा नव्हता, मुलगाही माझा नव्हता. मी मोगरा निवडत राहिले.

वहिनींना इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी विचारलं, "वीस वर्षं चालेल म्हणालात?"

"जास्तच चालेल," भाऊ म्हणाले.

"मग आपल्याला अग्नी द्यायला कोण येणार हो?"