वस्तऱ्याने चिरलेली लिंबं

...तर त्या टॅक्सीवाल्याचं पुढे काय झालं, ते काल सांगायचं राहूनच गेलं. "फार घाईत आहे हो मी!" असं दारातूनच ओरडत तो दाढी-कटिंगच्या दुकानात शिरला. दुकानात खुर्च्या दोन. एकीवर मखमलकाकांच्या मुलाच्या हाताखाली कुणीतरी गालभर फेस लावून बसलेला. दुसरी रिकामी, आणि तिच्यामागे टॉवेल झटकून, छाती पुढे काढून खुद्द काका उभे. टॅक्सीवाल्याने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग काकांच्या उजव्या हाताकडे पाहिलं, आणि मुकाट बाकावर बसून वर्तमानपत्र उघडलं. "थांबतो मी. तशी काही घाई नाही."

बाहेर त्याच्या टॅक्सीतली बाई मागच्या सीटवरून पुढे वाकून हॉर्न बडवतेय, आणि हा पठ्ठ्या आत हवामानाचा अंदाज वाचतोय!

मखमल हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते गिऱ्हाइकांनी दिलेलं. काकांच्या वस्तऱ्याखाली माणसं झोपत. एक गृहस्थ तर चांगले घोरले, जागे झाले आणि म्हणाले, "मग, करायची का सुरुवात?" दाढी कधीच उरकली होती. हा किस्सा काका इतक्यांदा सांगत, की सूनबाईंना तो स्वप्नातसुद्धा म्हणून दाखवता आला असता.

आणि तोच हात आता थरथरायला लागला होता. आधी बशीत कप वाजू लागला, तर काकांनी कपाला नावं ठेवली. मग गिऱ्हाइकं बाकावर थांबू लागली. तोंडावर कुणी काही बोललं नाही, मुलगा तर नाहीच नाही. एका सकाळी काका दुकानात गेले, तेव्हा त्यांच्या खुर्चीवर धुतलेल्या टॉवेलांची चळत होती.

"जागाच नाही हो, बाबा," मुलगा आरशाकडे बघत म्हणाला. "तात्पुरते ठेवलेत."

तात्पुरतं म्हणजे काय असतं, हे दुकानात जन्म काढलेल्या माणसाला कुणी समजावून द्यावं लागत नाही. काका घरी आले. दुपारी जेवायला सगळे बसले, तेव्हा भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "उद्या सोमवार, दुकानाला सुट्टी. लिंबाचा पाय करू या."

नाव पाय असलं तरी वस्तू खायची. मैद्याची पारी पसरट डब्यात बसवायची, आत लिंबाचं सारण, वरून दुसऱ्या पारीचं झाकण, आणि डबा भट्टीत. पण या घरातली रीत जुनी. नुसता रस नाही, अख्खं लिंबू सालीसकट घालायचं. पीठ मळायचं काकूंनी आणि लिंबं चिरायची काकांनी, असा लग्नापासूनचा करार. सुरीने लिंबू दबतं, रस ओट्यावर आणि जाड फोड हातात. म्हणून काका ती वस्तऱ्याने चिरत. "दाढीचं हत्यार माझ्या स्वयंपाकघरात आणलंत तर बघा!" असा दम काकूंनी पहिल्याच वर्षी भरला. तेव्हापासून एक वस्तरा निराळा, हनुवटी कधी न पाहिलेला. चकती अशी निघे, की उजेडाला धरावी आणि तिच्यातून खिडकीचे गज मोजावेत. साखरेत रात्रभर मुरली की साल विरघळल्यासारखी मऊ. चकती जाड राहिली तर मात्र सालीखालच्या पांढऱ्या थरात साखर शिरत नाही, आणि अख्खा डबा कडू जहर.

"पण आधी ऐका," काका म्हणाले. "पाय कडू लागला तर पुन्हा दुकानाचं नाव काढणार नाही. गोड लागला तर खुर्ची माझी. कबूल?"

"अहो बाबा, असं काय करता, लहान मुलासारखं..." सूनबाई म्हणाल्या.

"कबूल का, तेवढं सांग."

मुलाने पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. "कबूल."

दुपारी काका खिडकीपाशी बसले. वस्तरा पट्ट्यावर फिरवला, आणि तो आवाज ऐकून त्यांना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पहिली चकती एका बाजूला जाड आली. हात बसायला वेळ लागतो, म्हणून ती बाजूला ठेवली. दुसरी मधेच पाचरीसारखी झाली. तिसरी उजेडाला धरली तर पिवळाधमक गोळा दिसला, गज कुठेच नाहीत.

"या खेपेची लिंबंच जाड सालीची," ते मोठ्याने म्हणाले.

काकू पाठमोऱ्या पीठ मळत होत्या. "असतील," म्हणाल्या.

काकांनी कोपर टेबलाला टेकवलं, डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं, श्वास रोखला. मग चार-दोन चकत्या खरंच पातळ निघाल्या. त्या त्यांनी वाडग्यात सगळ्यांत वर पसरल्या आणि साखर जरा सढळ हाताने घातली. फसवत होते ते कुणाला, वाडग्याला?

सोमवारी काकूंनी अंडी फेटून त्या साखरलिंबात मिसळली, पारी भरली, झाकण चिकटवलं. डबा भट्टीतून निघाला तो देखणा. वरची पारी सोनेरी, वास थेट जिन्यापर्यंत. काकांनी स्वतः तुकडे वाढले. वाढणाऱ्याने शेवटी खायचं, म्हणून ते हात पुसत उभेच राहिले.

मुलाने घास घेतला. भराभर चावला, गिळला. "वा! फर्स्टक्लास, बाबा."

"अगदी पूर्वीसारखा," सूनबाई म्हणाल्या, आणि वर अर्धा पेला पाणी प्यायल्या.

आता काकूंची गंमत ऐका. लग्न झाल्यापासून या बाईने पायाला कधी चांगलं म्हटलेलं नव्हतं. "साखर काय शेजाऱ्यांना वाटलीत?" "लिंबं चिरलीत की त्यांची समजूत घातलीत?" असं काहीतरी ठेवून दिल्याशिवाय घास गिळायच्या नाहीत, आणि काकांनाही ते ऐकल्याशिवाय पाय झाल्यासारखा वाटत नसे. आजही ते त्याचीच वाट बघत होते. काकूंनी तुकडा संपवला. बशीतला शेवटचा कण बोटाने टिपला. मान वर न करता म्हणाल्या, "छान झालाय हो."

काकांनी हात पुसायचं थांबवलं. त्यांनी खुर्ची ओढली, बसले, स्वतःचा घास तोंडात घातला. साखर पुढे आली ती नुसती दर्शनाला. मागून तो कडूपणा जिभेच्या मुळाशी चढला, घशात उतरला आणि तिथेच ठाण मांडून बसला. चकती दाताखाली चामड्यासारखी. त्यांनी तो घास पुरा चावला. तिघांच्या माना बशीत.

"मग, खुर्ची?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच," मुलगा घाईघाईने म्हणाला. "उद्या सकाळीच मोकळी करतो. सोबतच निघू आपण."

हो म्हणायला काय जात होतं? उद्या सकाळी पांढरा कोट चढवायचा, खुर्चीमागे उभं राहायचं. मुलगा वचनाला जागला असता, काकूंनी कोटाला इस्त्री करून दिली असती, आणि घरात जन्मात कुणी हा विषय काढला नसता. काकांच्या ओठांवर तो होकार आलासुद्धा. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सूनबाई पुन्हा पाणी पीत होत्या. काकूंनी, न मागता, आणखी एक तुकडा स्वतःच्या बशीत ओढून घेतला होता आणि तो त्या निमूटपणे खात होत्या.

काकांनी हात पुढे करून काकूंसमोरची बशी काढून घेतली, आणि मुलाला म्हणाले, "कडू जहर झालाय रे हा, आणि तुम्ही तिघंही गोड म्हणालात. उद्या गिऱ्हाइकाच्या गालावर रक्त आलं, तर ते घाम आहे म्हणून सांगाल मला. नको, मी घरीच बरा."