साखरेची पावडर आणि मामांची विहीर

"आधी नाकाला इचारा, म्याडम!"

इस्लामपूरच्या आमच्या कॉलेजात पाण्याचा नमुना आला, की प्रयोगशाळेतले मामा बाटली उघडून आधी वास घ्यायचे. आमचं महागडं यंत्र तासाभरानं जे सांगे, ते मामा बरेचदा उभ्या उभ्या सांगत. मला याचा थोडा रागच यायचा.

तेव्हा मी साखरेच्या रेणूंच्या कड्या एकमेकींत गुंफून एक पांढरी पावडर करत होते. ती पाण्यात विरघळत नाही आणि कीटकनाशकं तिच्या कड्यांत अडकून बसतात. मामांनी यातलं 'साखर' तेवढं ऐकलं. दुसऱ्या दिवशी बघते, तर बरणी पाणी भरलेल्या ताटलीत उभी!

"मुंग्या लागत्यात, म्याडम."

मी कपाळाला हात लावला, पण ताटली काही हलवली नाही. तुम्हीही हलवली नसती.

एकदा त्यांनी आष्ट्याजवळच्या आपल्या मळ्यातलं विहिरीचं पाणी आणलं. त्या बाटलीचा वास मात्र घेतला नाही.

"ठावं हाय मला वास. उसाच्या मुळाला हुमणीची अळी लागली की औषध मारायचो, आन् फवारायचा पंप हिरीच्या काठावरच धुवायचो. लय वर्सं. आता घरात जारचं पाणी आणावं लागतंय." मग खाली बघत म्हणाले, "तुमच्या पावडरीनं निघंल का वो?"

मी ते पाणी पावडरीतून गाळलं. औषध जवळजवळ सगळं निघालं. मामा इतके खूश झाले की पुढचं सांगताना मला जड गेलं. अख्खी विहीर अशी गाळता येणार नव्हती. घरापुरता फिल्टर करता आला असता, पण त्याला वेळ लागणार होता.

"लागू द्या येळ. मी हाय की."

वेळ फारच लागला. मामा निवृत्त झाले आणि पुढं वारल्याचा निरोप आला. सगळ्या तपासण्या होऊन फिल्टर तयार झाला, तेव्हा मी तो घेऊन मळ्यावर गेले.

"आमास्नी जारचं पाजायचे," मामी म्हणाल्या, "आन् सोता मरस्तवर हिरीचंच प्यायले. 'म्या बिघडवलंय, तवा म्याच पिणार,' म्हणायचे. कुणाचं ऐकलं न्हाई."

मामा कशानं गेले, हे मला विचारवलं नाही. मी फिल्टरात विहिरीचं पाणी ओतलं. मामींनी तोटीखाली पहिला पेला भरला आणि तो कुणाला द्यावा हे न सुचल्यासारख्या हातात धरून उभ्या राहिल्या.